पाठीच्या कण्यांतील गांठ व लहान छेद

कण्यांत गांठ आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरांतील वडील मंडळींचा धीर सुटतो. ही व्याधि विरळा. आणि आवरणाच्या आंत पण मज्जारज्जूबाहेर वाढणाऱ्या बहुतेक गांठी सौम्यच असतात, हें आम्ही आधींच सांगून ठेवतों.

१८८७ च्या जूनमध्यें लंडन येथें ४२ वर्षांचा एक सैन्याधिकारी डॉक्टर गॉवर्स यांजकडे आला. ३ वर्षें पाठ दुखून अखेर दोन्ही पाय निर्जीव झाले होते. ९ जून रोजीं हॉर्स्ले यांनीं मणक्यांच्या कमानी काढल्या, तों गांठ सांपडेना! क्ष-किरणांचा शोधच मुळीं १८९५ चा. साहाय्यकानें आणखी वर पाहण्याचा आग्रह धरला, तेव्हां बदामाएवढी गांठ दिसली. पुढें तो गृहस्थ आपल्या पायांनीं चालूं लागला.

हल्लीं एम्. आर्. आय्. या चुंबकीय चित्रावरून स्थळ आधींच कळतें. शोधासाठीं पाठ उकलावी लागत नाहीं. मध्यरेषेच्या बाजूस सुमारें एक इंच छेद घेऊन, एकीहून एक जाड नळ्या सारीत स्नायु न तोडतां विलग करतात. शेवटच्या, सुमारें २ सेंटिमीटर रुंद नळींतून सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें गांठ काढतात. रक्तस्राव अल्प, रोगी लवकर उठतो. परंतु लहान छेद म्हणजे लहान शस्त्रक्रिया नव्हे. आवरणाची चीर त्याच अरुंद वाटेनें शिवावयाची असते. तेथून पाणी झिरपल्यास नवें संकट. अनेक मणक्यांवर पसरलेल्या गांठीस बहुधा मोठाच छेद लागतो. शल्यवैद्यास नळीविषयीं अवश्य विचारावें. मात्र पाय जड होऊं लागले असतील, तर छेदाच्या लांबीचा वाद घालीत दिवस दवडूं नयेत.