वारंवार सुजणारा गाल : दरवेळी गालगुंड नव्हे

मुलाचा गाल कानाजवळ सुजला, की पालकांना प्रथम शंका येते ती गालगुंडाची. परंतु विषाणूमुळे होणारे गालगुंड सहसा आयुष्यात एकदाच होते. तशीच सूज पुन:पुन्हा येत असेल, तर लाळग्रंथीच्या एका दीर्घकालीन विकाराचा विचार करावा लागतो. वैद्यकात त्याला ‘ज्युव्हेनाइल रिकरंट पॅरोटायटिस’ म्हणतात.

हा विकार बहुधा ३ ते ६ वर्षे वयात सुरू होतो. सूज एका किंवा दोन्ही बाजूंना येते आणि काही दिवसांत ओसरते. तो गालगुंडासारखा संसर्गजन्य नाही. सोनोग्राफीमुळे निदानास मदत होते. मात्र रोगप्रतिकारशक्तीतील दोष किंवा ‘शोग्रेन सिंड्रोम’ यामागे नाही ना, हे तपासणे आवश्यक असते.

भरपूर पाणी, कोमट शेक, ग्रंथीचे हलके मर्दन आणि वेदनाशामक औषध यांनी बहुतेकदा आराम पडतो. प्रतिजैविके जिवाणूसंसर्गाची लक्षणे असतील तरच द्यावी लागतात. त्रास फारच वाढल्यास लाळेच्या नलिकेत सूक्ष्म दुर्बीण घालून ती धुतली जाते. बहुसंख्य मुलांत पौगंडावस्थेपर्यंत हा विकार आपोआप थांबतो. तोवर प्रत्येक सुजेची तारीख, बाजू आणि कालावधी पालकांनी नोंदवून ठेवल्यास निदान लवकर होते आणि अनावश्यक औषधे टळतात.