विश्लेषण : उसात बिबट्या, मनात धास्ती… ध्यानाचा फायदा नेमका किती?

बिबट्याची दहशत, रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देण्याची वेळ, नारायणगाव आणि मंचरच्या बाजारात टोमॅटो-कांद्याचे वर-खाली होणारे भाव… जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील कुटुंबांच्या ताणाची कारणे खरी आहेत. अशात ‘रोज दहा मिनिटे ध्यान करा, बीपी-शुगर सगळे जाईल’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ध्यानधारणेचे मनाला आणि शरीराला कोणते फायदे होतात, कोणते दावे फुगवलेले आहेत आणि डॉक्टरांकडे केव्हा जायलाच हवे, याचा हा आढावा.

जुन्नर-आंबेगावमधील ताण वेगळा का?

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे या भागात बागायत वाढली आणि उसाचे क्षेत्रही वाढले. वर्षातील बराच काळ उभ्या असलेल्या उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली. कुत्री, शेळ्या, वासरे असे भक्ष्यही वस्तीजवळच मिळाले. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. माणिकडोह येथे पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. मात्र शेतात राहणाऱ्या कुटुंबाला अंधार पडल्यावर मुलांना अंगणात सोडतानाही विचार करावा लागतो.

पश्चिमेकडील डोंगरी पट्ट्यात भीतीचे रूप वेगळे आहे. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगरकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून डोंगरउतारावरील वस्त्यांसाठी मुसळधार पाऊस हा नुसता पाऊस राहिलेला नाही.

धोका समोर असेल तर भीती हा आजार नाही. ती शरीराने केलेली राखण आहे. त्रास सुरू होतो तो धोका टळल्यावरही राखण थांबत नाही तेव्हा. ध्यानाचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे समजून घेताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

ताणात शरीरात काय घडते?

रात्री उसात सळसळ झाली की मेंदूतील धोका ओळखणारी केंद्रे क्षणात जागी होतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनालिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास उथळ आणि जलद होतो, रक्तात जास्तीची साखर सोडली जाते, पचन मंदावते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी आवश्यकच असते.

पण कर्जाचा हप्ता, पडलेला भाव किंवा उद्याच्या रात्रीची चिंता यांवरही शरीर तशीच तयारी करते. ती रोज आणि तासन्‌तास होत राहिली, की झोप तुटते, चिडचिड वाढते, मान-पाठ आखडते, पोट बिघडते. दीर्घकाळ टिकणारा ताण उच्च रक्तदाब आणि हृदयविकारालाही हातभार लावतो.

श्वासाकडे लक्ष दिल्याने काय बदलते?

ध्यानाच्या पद्धती अनेक आहेत. बहुतेकांत लक्ष एका गोष्टीवर ठेवणे, ते भटकले की ओळखणे आणि चिडचिड न करता परत आणणे एवढेच करायचे असते. विचार थांबवणे हा उद्देश नसतो. विचार आला आहे हे वेळीच कळणे, हाच सराव असतो.

श्वास हा त्यासाठी सोयीचा, कारण तो आपोआप चालतो आणि आपल्याला बदलताही येतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना किंचित मंद होते. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास सोडला तर अनेकांना हा फरक जाणवतो. श्वास सोडताना व्हेगस या चेतातंतूचा हृदयावरील लगाम घट्ट होतो. त्यामुळे श्वास संथ आणि लांब झाला की शरीराला ‘आता धोका नाही’ असा निरोप मिळतो. ठोके आणि स्नायूंचा ताण हळूहळू उतरतो.

याचे मोजमाप करण्याच्या प्रयत्नांत पुणे जिल्ह्याचा वाटा जुना आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचा शरीरावरील परिणाम यंत्रांनी तपासण्यास सुरुवात केली. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी ध्यानावेळी शरीरात होणाऱ्या शिथिलीकरणाचा अभ्यास केला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये ध्यानावर आधारित आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. आजचे बरेचसे वैद्यकीय संशोधन याच कार्यक्रमावर झाले आहे.

लेण्यांच्या तालुक्यात ध्यान नवे आहे का?

अजिबात नाही. जुन्नर परिसरातील लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या लेणी-समूहांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. नाणेघाटातून चालणाऱ्या व्यापाराच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती कोरली गेली. भाविक गिरिजात्मज गणपतीचे दर्शन घेतात ते लेण्याद्रीचे सातवे लेणे मुळात बौद्ध विहार आहे. त्याच्या खांब नसलेल्या सभामंडपाभोवती २० खोल्या आहेत. भिक्खूंच्या निवासासाठी आणि साधनेसाठी अशा खोल्या असत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेखही जुन्नरमध्ये आहे. शांत बसण्यासाठी जागा आणि पाणी लागते, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

अलीकडच्या काळात विपश्यनेच्या रूपाने ही परंपरा राज्यात पुन्हा रुजली. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये म्यानमारहून भारतात आले. त्यांच्या कार्यातून इगतपुरीत धम्मगिरी केंद्र उभे राहिले. पुणे शहरात आणि आळंदीजवळ मरकळ येथेही केंद्रे आहेत. दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळावे लागते. शिबिराला शुल्क नसते; ते दानावर चालते.

नामस्मरण, हरिपाठ हेही ध्यानच का?

ओतूर येथे संत तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानली जाते. आळे येथे ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे, अशी श्रद्धा आहे. वारकरी परंपरेच्या या पट्ट्यात ‘ध्यान’ हा शब्द न वापरताही अनेक घरांत रोज संध्याकाळी लयीत पठण होते.

इटलीतील डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा २००१ मधील अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्यांनी २३ जणांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. या अभ्यासात हरिपाठ नव्हता आणि सहभागी मोजकेच होते. तरीही लयीत, एका दमात ओळ म्हणण्याने श्वास संथ होतो हे तत्त्व त्यातून दिसते. ज्यांना डोळे मिटून गप्प बसणे जमत नाही, त्यांच्यासाठी संथ नामस्मरण हा सोपा मार्ग ठरू शकतो.

पुरावा नेमका कशाचा आहे?

चिंता आणि नैराश्य : ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा आणि ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्याची लक्षणे आणि वेदना कमी होण्याबाबत मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. मात्र औषधे, व्यायाम किंवा अन्य उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचे दिसले नाही.

चिंताविकार : अमेरिकेत २७६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या ध्यान कार्यक्रमाचा परिणाम एस्सिटॅलोप्रॅम या प्रचलित औषधापेक्षा कमी ठरला नाही. पण त्या रुग्णांनी दर आठवड्याला वर्ग केला आणि रोज घरी सुमारे ४५ मिनिटे सराव केला. मोबाइलवर कधीमधी पाहिलेल्या पाच मिनिटांच्या व्हिडीओला हा निष्कर्ष लागू होत नाही.

झोप : झोपेची तक्रार असलेल्या ४९ ज्येष्ठांच्या २०१५ मधील अभ्यासात, झोपेच्या सवयींची फक्त माहिती घेतलेल्यांपेक्षा ध्यान शिकलेल्यांची झोप अधिक सुधारली. अभ्यास लहान होता, पण दिशा आश्वासक आहे.

हृदय आणि रक्तदाब : अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले. हृदयविकाराचा धोका कमी करण्यात ध्यानाचा फायदा शक्य आहे, पण तो पक्का सिद्ध झालेला नाही. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यान करता येईल, असे मत तिने मांडले. म्हणजेच रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी बंद करून ध्यान करणे धोक्याचे आहे.

कोणते दावे फुगवलेले?

‘आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते’ हा दावा खूप गाजला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अधिक मोठ्या गटावर तो तपासला, तेव्हा असा रचनात्मक बदल आढळला नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीतही शाळेतील ध्यानाचे सरसकट तास नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक उपयोगी ठरले नाहीत. ध्यान सर्वांना, सक्तीने आणि एकाच मापाने लागू करून फायदा होईल, असे मानण्यास आधार नाही.

ध्यानाचा त्रासही होऊ शकतो का?

काहींना होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८३ अभ्यासांच्या आढाव्यात सुमारे आठ टक्के लोकांना चिंता वाढणे, उदास वाटणे यांसारखे अनुभव आल्याचे दिसले. डोळे मिटून शांत बसल्यावर जुना आघात उफाळून येऊ शकतो. दरड, अपघात किंवा हल्ल्यात जवळची व्यक्ती गमावलेल्यांना ‘ध्यानाला बस, विसरशील’ असे सांगणे म्हणूनच योग्य नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दीर्घ मौन शिबिरात जाऊ नये.

या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. डिसेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील रामदेगीच्या जंगलात ध्यानाला बसलेल्या एका भिक्खूंचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा वाटू शकतो. त्यामुळे पहाटे किंवा सायंकाळी उसाच्या कडेला, बांधावर किंवा एकांतातील लेण्यात एकट्याने डोळे मिटून बसू नये. ध्यानासाठी घर, ओसरी किंवा मंदिराचा सभामंडप बरा.

घरी सुरुवात कशी करावी?

• रोजची वेळ ठरवा. सुरुवातीला पाच ते दहा मिनिटे पुरेशी आहेत.
• मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा. पाठ सरळ, पण ताठ नको.
• श्वास नाकपुडीशी कसा येतो-जातो याकडे लक्ष द्या. तो मुद्दाम रोखू नका.
• मन भावाकडे, भांडणाकडे, उद्याच्या पाण्याच्या पाळीकडे जाईल. ते ओळखा आणि परत श्वासावर या. असे पन्नास वेळा झाले तरी ध्यान फसले असे नाही.
• शेवटची दोन मिनिटे श्वास सोडण्याचा वेळ थोडा लांबवा.
• डोळे मिटल्यावर धास्ती वाढत असेल तर डोळे उघडे ठेवा किंवा थांबा.
• रात्री पाणी द्यायला जाताना ध्यान नव्हे, सावधपणाच हवा. जोडीला माणूस, बॅटरी आणि काठी असावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडाली असेल, कामात मन लागत नसेल, छातीत वारंवार धडधडत असेल, दारू वाढली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ध्यानाची वाट पाहू नये. ‘निम्हान्स’च्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होता आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून पुढील सल्ला घेता येतो. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २४ तास सुरू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

ध्यानाने बिबट्या उसातून जात नाही, भावही वाढत नाही. त्यासाठी दिवसा वीज, सुरक्षित वस्ती आणि बाजाराची हमी लागते. बिबट्या नसलेल्या रात्री तरी झोप लागावी, एवढे काम मात्र ध्यान करू शकते.