लॅपटॉपचा पंखा का घोंघावतो?



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची रांग लागली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: "लॅपटॉप फारच हळू झालाय, पंखा सारखा घोंघावतो. नवीनच घ्यावा का?" आमचे म्हणणे असे, की नवीन घेण्याआधी, आणि कुणा अनोळखी माणसाला फोन करण्याआधी तर नक्कीच, दहा मिनिटे काढून कॉम्प्युटरलाच विचारा: बाबा रे, तू एवढे काय करतो आहेस? ते कसे विचारायचे, तेच इथे सांगत आहोत.

पडद्यामागची मंडळी

नाटकात रंगमंचावर चार पात्रे दिसतात, पण विंगेत दहा जण राबत असतात. कॉम्प्युटरचेही तसेच. आपण फक्त ईमेल उघडलेली असते, तरी मागे अनेक छोटे प्रोग्रॅम चालू असतात. त्यांना प्रोसेस म्हणतात. एरवी ते गुपचूप काम करतात. पण प्रॉम्प्टरच नायकापेक्षा मोठ्याने बोलू लागला तर नाटक बिघडणारच! एकच प्रोसेस सीपीयू अडवून बसली की बाकीची कामे खोळंबतात, चिप तापते, पंखा जोरात फिरतो आणि बॅटरी भराभर उतरते.

आधी नाव शोधा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'प्रोसेसेस' यादीत 'सीपीयू' या शीर्षकावर क्लिक केले की सर्वात खादाड प्रोसेस वर येते. मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो.

दोन आकडे उगाच घाबरवतात. विंडोजच्या 'डीटेल्स' यादीत 'सिस्टिम आयडल प्रोसेस'समोर ९५ दिसले, तर त्याचा अर्थ सीपीयू ९५ टक्के रिकामा बसला आहे! आणि मॅकवर आकडा १००च्या वर गेला तरी चूक नाही. तिथे प्रत्येक कोअरचे १०० धरतात.

लगेच बंद करू नका

'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' वर दिसली, तर विंडोजची स्वतःची व्हायरस-तपासणी चालू आहे. 'सर्च इंडेक्सर' किंवा मॅकवरची 'एमडीएस स्टोअर्स' म्हणजे फाइलींची सूची बनते आहे. भारतवारीचे हजार फोटो एकदम कॉपी केलेत तर हे होणारच. चार्जर लावून रात्रभर चालू ठेवा, सकाळी रीस्टार्ट करा. बहुतेक वेळा सुंठीवाचून खोकला जातो. मॅकवर 'कर्नल टास्क' वर असेल तर मशीन तापले आहे असे समजा. चिप थंड राहावी म्हणून ती इतरांना सीपीयू कमी मिळू देते. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, हवेची भोके मोकळी करा.

कधीकधी दोष खुद्द कंपनीचा असतो. २०१३च्या अखेरीस विंडोज एक्सपीच्या अनेक मशीनांवर 'एसव्हीसीहोस्ट' सीपीयू १०० टक्क्यांवर नेऊन ठेवत असे. कारण व्हायरस नव्हते. नवा अपडेट आला की तो आधीच्या अपडेटची जागा घेतो. वर्षानुवर्षे ही साखळी लांबत गेली आणि ती तपासण्याचे काम पटीपटीने वाढले. मायक्रोसॉफ्टने जुने अपडेट यादीतून काढले, तेव्हा जानेवारी २०१४मध्ये मशीन्स शांत झाली. तोपर्यंत किती जणांनी साप साप म्हणून भुई धोपटली असेल!

खरोखर संशय आला तर

ब्राउझर वर दिसत असेल तर एकेक टॅब बंद करून पाहा. विंडोजवर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की कोणता टॅब किती खातो ते दिसते. २०१७ ते २०१९ या काळात 'कॉइनहाइव्ह'चा कोड अनेक वेबसाइटांवर होता. पाहुण्यांच्या सीपीयूवर तो चलन खणत असे. टॅब बंद केला की थांबे. नाव अनोळखी असेल तर राइट-क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' पाहा. खरी 'एसव्हीसीहोस्ट' विंडोजच्या 'सिस्टिम ३२' फोल्डरमध्ये असते. त्याच नावाची फाइल डाउनलोड्समध्ये सापडली तर इंटरनेट तोडा आणि पूर्ण स्कॅन चालवा.

सर्वात महत्त्वाचे

हळू कॉम्प्युटरपेक्षा घाबरलेला माणूस जास्त नुकसान करून घेतो. "व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा" अशी खिडकी उघडली तर ती खोटीच समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. अशा नंबरवरचा माणूस टास्क मॅनेजरमधली साधीच नावे दाखवून घाबरवतो, मशीनचा ताबा घेतो आणि गिफ्ट कार्डने पैसे मागतो. गिफ्ट कार्ड मागितले की तो ठग, हे पक्के. फसवणूक झाली तर बँकेला ताबडतोब कळवा आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा दुपारी घरी एकटेच लॅपटॉपवर मालिका पाहत असतात. या वीकेंडला त्यांना टास्क मॅनेजर एकदा उघडून दाखवा. आणि अडलेच, तर आधी तुम्हाला फोन करायला सांगा.