समुद्रतळावरून आलेला फोन

तुर्कस्तानात दरवर्षी ४ एप्रिलला नौदलातील शहिदांची आठवण काढली जाते. या तारखेमागे 'डुम्लुपिनार' पाणबुडीची हकिकत आहे.

ही पाणबुडी मूळची अमेरिकेची. 'ब्लोअर' या नावाने ती ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झाली. महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी तिने जावा समुद्र व दक्षिण चीन समुद्रात तीन मोहिमा केल्या आणि सुखरूप परतली. १९५० मध्ये ती तुर्कस्तानला मिळाली. १९२२ मध्ये तुर्कांनी निर्णायक लढाई जिंकली, त्या डुम्लुपिनार गावाचे नाव तिला दिले गेले.

अशा पाणबुडीला दोन प्रकारची ताकद असे. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्यावर असताना ते चालवून बॅटऱ्या भरायच्या. पाण्याखाली त्याच बॅटऱ्यांवर विजेच्या मोटारी चालवायच्या. त्यामुळे लांबचा प्रवास बहुधा पाण्यावरूनच होई.

४ एप्रिल १९५३ रोजी रात्री दोनच्या सुमारास नाटोच्या सरावाहून घरी परतणारी डुम्लुपिनार अशीच पाण्यावरून दार्दानेल्स सामुद्रधुनीत शिरली होती. नारा भूशिराजवळ तिची स्वीडनच्या 'नाबोलांड' या मालवाहू जहाजाशी टक्कर झाली. वर उभे असलेले आठ जण पाण्यात फेकले गेले; त्यांतले पाच वाचले. पाणबुडी काही मिनिटांतच तळाशी गेली.

मात्र मागच्या टॉर्पेडो कक्षात २२ जण जिवंत होते. त्यांनी टेलिफोन जोडलेला तरंगता बोया वर सोडला. उजाडल्यावर तो एका बोटीला दिसला. फोन उचलताच खालून सलामी ओझबेन या नौसैनिकाचा आवाज आला. हवा पुरावी म्हणून बोलू नका, सिगारेट ओढू नका, असे त्यांना सांगण्यात आले.

'कुर्तारान' हे बचावजहाज आले. पण खोली सुमारे नव्वद मीटर आणि प्रवाह अतिशय जोराचा. पाणबुड्यांना खाली पोहोचता येईना. अखेर वरून निरोप गेला: आता बोला, गाणी म्हणा, सिगारेटही ओढा. त्याचा अर्थ खालच्यांना कळला. देश सलामत राहो, एवढेच ते म्हणाले. पुढे संपर्क तुटला.

एकूण ८१ जण गेले. महायुद्धातून सहीसलामत निघालेली पाणबुडी शांततेच्या काळात, स्वतःच्याच किनाऱ्यापाशी बुडाली. आपल्या माणसांसह ती आजही तिथेच आहे आणि ४ एप्रिलला त्या पाण्यावर फुले वाहिली जातात.