विश्लेषण : तेलविहिरीतील ‘मड’ एकाच वेळी पातळ आणि दाट कसा?

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘बॉम्बे हाय’चे तेल शोधले. अशा प्रत्येक विहिरीच्या खोदकामात एका द्रवावर बरेच काही अवलंबून असते. तो म्हणजे ‘ड्रिलिंग मड’. कापूस आणि लाकडाच्या लगद्यापासून बनणारे सेल्युलोजचे पॉलिमर त्यात काय करतात?

मडची गरज काय?

मड पोकळ पाइपमधून खाली जातो, बिटच्या छिद्रांतून जोरात बाहेर पडतो आणि पाइप व विहिरीच्या भिंतीमधील फटीतून वर येतो. बिट थंड ठेवणे, खडकाचा चुरा वर आणणे आणि आपल्या वजनाने भूगर्भातील तेल-वायूचा दाब रोखून धरणे ही त्याची कामे.

मग अडचण कुठे?

बिटपाशी मड पातळ हवा, नाहीतर पंपाची ताकद वाया जाते. वर येताना, वेग कमी असताना, तोच मड दाट हवा, नाहीतर चुरा खाली बसतो. भिंतीला लावायच्या रंगातही हेच दिसते. ब्रशने ओढताना तो सहज पसरतो, भिंतीवर लागल्यावर मात्र ओघळत नाही. या गुणाला ‘शिअर थिनिंग’ म्हणतात.

सेल्युलोज हे कसे साधते?

मूळ सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, कारण त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. कॉस्टिक सोडा आणि क्लोरोअॅसिटिक आम्लाची प्रक्रिया केली की साखळीवर ऋणभारित गट बसतात आणि ‘सीएमसी’ तयार होते. हे गट एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे साखळी पाण्यात पसरते. द्रव संथ असताना साखळ्या एकमेकींत गुंततात आणि तो दाट होतो. वेग वाढला की त्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि द्रव पातळ होतो.

खारे पाणी का नडते?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांच्या आयनांमुळे साखळीवरील भार झाकले जातात, साखळी आक्रसते आणि दाटपणा उतरतो. कॅल्शियमचा त्रास तर आणखी जास्त. म्हणून खाऱ्या पाण्यात ‘पीएसी’ वापरतात. ती याच कुळातली, पण अधिक शुद्ध आणि जास्त भारित गट असलेली. ‘एचईसी’वर विद्युतभारच नसल्याने तिला मिठाचे फारसे वावडे नाही. उष्णतेपुढे मात्र साऱ्यांनाच मर्यादा आहेत. साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसच्या पुढे साखळ्या तुटू लागतात.

पंप थांबला तर?

नवा पाइप जोडताना पंप बंद करावा लागतो. तेवढ्या वेळात चुरा तोलून धरायला मड जेलीसारखा थिजायला हवा. सेल्युलोज पॉलिमर इथे कमी पडतात. त्यासाठी बेंटोनाइट माती किंवा झॅन्थन गमची जोड द्यावी लागते.

अंदाज चुकला तर काय होते?

मड फार पातळ असेल तर चुरा साचून पाइप अडकू शकतो. फार दाट असेल तर तो वर ढकलायला जास्त दाब लागतो, विहिरीच्या तळावरील दाब वाढतो आणि कमकुवत खडकाला तडे जाऊन मड त्यात निघून जातो. विहिरीतील मडची पातळी घसरली की दाब रोखणारे वजनही घटते. मग भूगर्भातील वायू विहिरीत शिरण्याचा धोका असतो.

दाटपणा मोजतात कसा?

रिगवर सर्रास दिसणारे साधन म्हणजे ‘मार्श फनेल’. त्यातून ९४६ मिलिलिटर साधे पाणी गळायला २६ सेकंद लागतात; मडला किती लागतात ते पाहायचे. पण हा आकडा एकाच परिस्थितीतला. फनेलमध्ये सारखा वेळ घेणारे दोन मड विहिरीत अगदी वेगळे वागू शकतात. म्हणून फिरत्या व्हिस्कोमीटरवर मिनिटाला ३०० आणि ६०० फेऱ्यांना वाचन घेतात. वेग दुप्पट केल्यावर वाचनही दुप्पट झाले, तर द्रव पाण्यासारखा वागतो आहे. ते दुपटीपेक्षा जितके कमी, तितका मड वेगाबरोबर अधिक पातळ होणारा. त्यामुळे ‘मड किती दाट?’ या प्रश्नाला ‘कोणत्या वेगाला?’ हा दुसरा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.