मनगटावरची पट्टी

रुग्णालयात परिचारिका पाळीपाळीने काम करतात. सकाळी रुग्णाला कोणते औषध दिले, हे रात्रीच्या परिचारिकेला कळलेच पाहिजे. म्हणून ताप, रक्तदाब, औषधे यांची नोंद ठेवतात. ही नोंद कागदावर असली आणि अक्षर लागले नाही, तर घोटाळा होतो. एकाचे औषध दुसऱ्याला दिले गेले, तर जिवावर बेतू शकते.

अमेरिकेतील टोपेका शहरात माजी सैनिकांचे रुग्णालय आहे. तेथे स्यू किनिक नावाच्या परिचारिका होत्या. १९९२ साली त्यांनी भाड्याच्या मोटारीवरील बारकोड यंत्राने वाचताना पाहिला. बारकोड म्हणजे बिस्किटांच्या पुड्यावर असतात तशा काळ्या उभ्या रेघा. रुग्णाची व औषधाची ओळखही अशीच पटवता येईल, असे त्यांना सुचले. १९९९ पासून ही पद्धत माजी सैनिकांच्या इतर रुग्णालयांतही सुरू झाली.

या पद्धतीत रुग्णाच्या मनगटावर बारकोडची पट्टी बांधतात. परिचारिका आधी ती पट्टी आणि मग औषधाचे पाकीट यंत्राने वाचते. रुग्ण तोच आहे ना, औषध, मात्रा व वेळ बरोबर आहे ना, हे संगणक तपासतो. काही चुकले, तर पडद्यावर इशारा येतो. सारे जुळले, तर औषध कोणी व केव्हा दिले, याची नोंद होते.

पण रुग्णाचे ओठ निळे पडले, तो घाबरला, हे परिचारिकेच्याच डोळ्यांना दिसते. म्हणून चांगली परिचारिका आधी रुग्णाची विचारपूस करते आणि मग पडद्याकडे वळते.