पन्नाशीला चार वर्षे कमी

सरकारी कारकुनाने परीक्षा द्यायच्या त्या नोकरी लागण्यापूर्वी. एकदा हजेरीपटावर नाव चढले, की पुढे त्याची परीक्षा पाहायला साहेब आणि किराणा दुकानदार हे दोघे समर्थ असतात, अशी माझी समजूत होती. २००७ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ती खोटी ठरली.

२००१ साली सरकारच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याने एमएस-सीआयटी नावाचा संगणकाचा अभ्यासक्रम गावोगाव नेला. आजवर एक कोटीहून अधिक लोक तो शिकले. त्या कोटीतला मी एक, पण हौसेने गेलेला नव्हे. ३१ डिसेंबर २००७पर्यंत संगणकाची परीक्षा उत्तीर्ण व्हा, नाहीतर वेतनवाढ विसरा, असा हुकूम होता. पन्नाशी पूर्ण झालेल्यांना सूट होती. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ त्या सवलतीत बसले आणि दुपारचा चहा पूर्वीपेक्षा सावकाश पिऊ लागले. मला चार वर्षे कमी पडली. जन्मतारीख सोयीची नोंदवून घेण्याची दूरदृष्टी आमच्या वडिलांनी दाखवली नव्हती, त्याचे त्या दिवशी प्रथमच वाईट वाटले.

वेतनवाढ म्हणजे महिन्याचे चार पैसे नव्हेत. पुढची प्रत्येक वाढ तिच्यावर चढते आणि निवृत्तिवेतनाचा हिशेबही शेवटी तिथेच येऊन टेकतो. हे मला कुणी समजावायला नको होते. असले हिशेब मांडण्यातच माझी नोकरी गेली.

आमचे घर सिडकोत. शहर तेव्हा औरंगाबाद होते. छत्रपती संभाजीनगर झाले ते २०२३ साली. थोरली बारावीला, तिची शिकवणी. धाकट्याचे शाळेचे पैसे. घराच्या कर्जाचा हप्ता. यात माझ्या क्लासची फी म्हणजे घरातल्या दिवाळीच्या कपड्यांवर पाणी. ते सोडले. क्लास औरंगपुऱ्यात होता. रिक्षाचे पैसे वाचवायला कचेरी सुटल्यावर सायकलने क्रांती चौक, पैठण गेट, गुलमंडी असे करीत घामाघूम होऊन पोहोचावे, तो पुष्कळदा वीज गेलेली! त्या काळचे भारनियमन आठवत असेल त्याला अधिक सांगणे नको. इन्व्हर्टरवर दोन-चार यंत्रे चालत, त्यांवर तरुण मुले आधीच बसलेली असत.

शिकवणाऱ्या बाई थोरलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा माउस धरलेला हात पाहिला आणि म्हणाल्या, “काका, तो पळून जाणार नाही. जरा सैल धरा.”

सरावाला यंत्र हवे. घरी संगणक घेण्याचा प्रश्नच नव्हता आणि सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये पडत. दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी लक्षात आले, की त्या तासातला पाऊण तास मी नुसता विचार करीत बसतो. विचार करायला पंधरा रुपये कशाला द्यायचे? तो घरी फुकट करता येतो. मग नियम केला : जे डोक्याने करायचे ते घरी कागदावर, जे हाताने करायचे तेवढेच यंत्रावर. पंधरा दिवसांचे प्रश्न वहीत साठवावेत आणि एका तासात यंत्राकडून वसूल करावेत.

कागदावर बसल्यावर एक गंमत उघड झाली. हे यंत्र माझ्या ओळखीचेच निघाले! पंचवीस वर्षे मी टंकयंत्र बडवले होते. संगणकावरची ‘शिफ्ट’ कळ ही त्याचीच लेक. १८७८च्या रेमिंग्टन यंत्रात मोठे अक्षर उमटवायला खरोखरच आतला भाग सरकवावा लागे, म्हणून ती ‘शिफ्ट’. ‘टॅब’ तर तक्ते आखण्यासाठी आम्ही रोज वापरीत असू. ई-मेलमध्ये ‘सीसी’ अशी जागा असते. तिचा अर्थ पुस्तकात सापडला, तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. कार्बन कॉपी! ज्या निळ्या कागदाने माझी बोटे उभी हयात काळी केली, तो कागद नाहीसा झाला. नाव तेवढे राहिले. निम्मी परीक्षा सरकारने माझ्याकडून आधीच करून घेतली होती, नुसते सांगितले नव्हते.

राहिले एक्सेल. जुन्या रोजकीर्दीच्या कोऱ्या पानांवर मी उभ्या रकान्यांना ए, बी, सी आणि आडव्या ओळींना आकडे दिले. नमुन्याला घरखर्च घेतला आणि इथे मंडळी मदतीला धावल्या. दूध, किराणा, शिकवणी ही कलमे त्यांना तोंडपाठ. बेरीज हवी तिथे आधी बरोबरचे चिन्ह, मग ‘सम’ आणि कंसात पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंतचा पत्ता. हे त्यांनी दोन दिवसांत उचलले. मला आठवडा लागला. त्या वेळच्या एक्सेलमध्ये एका पानावर ६५,५३६ ओळी असत. ते ऐकून त्या म्हणाल्या, “अहो, एवढा खर्च करायला पैसा कुठून आणायचा?”

ऑक्टोबरात परीक्षा दिली आणि नापास झालो. दोष सर्वस्वी माझा. कचेरीतला कागद तीनदा वाचून मग सही घ्यायची सवय. तसाच प्रत्येक प्रश्न तीनदा वाचीत बसलो. कोपऱ्यातले घड्याळ उलटे चालत होते. वेळ संपली, तेव्हा येत असलेले कितीतरी प्रश्न मी उघडलेदेखील नव्हते.

कचेरीत सांगितले नाही. शिपायाने विचारलेच, “भाऊसाहेब, निकाल?” मी म्हटले, “यायचाय.” घरी मात्र लपवता येईना. लक्ष्मीपूजन ९ नोव्हेंबरला होते. फराळ झाला, पण घरात कुणी फारसे बोलत नव्हते. पुन्हा फी, पुन्हा कॅफेचे तास आणि हाती दीड महिना. भाऊबीजेला जालन्याहून मेहुणे आले. ते गेल्यावर मंडळींनी ओवाळणीचे पाकीट माझ्या वहीत ठेवले. मी नको म्हणालो. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, “या खेपेला घड्याळ लावून बसायचं.”

त्यानंतर रोज रात्री जेवण झाले, की त्या गजराचे घड्याळ समोर ठेवीत. त्या प्रश्न वाचीत, एकदाच. पुन्हा वाचायला साफ नकार. उत्तर सुचले नाही तर “पुढे” म्हणून पान उलटीत. धाकट्याला हा खेळ इतका आवडला, की तो मधूनच “वेळ संपली!” असे ओरडून माझ्या छातीत धडकी भरवी.

डिसेंबरात दुसऱ्यांदा बसलो. या खेपेला सगळे प्रश्न उघडले, काही उत्तरे चुकली असतील ती चुकोत. पास झालो. येताना गुलमंडीवरून पावशेर पेढे घेतले आणि सायकल हातात धरून चालतच आलो.

२०१९ साली निवृत्त झालो. ते प्रमाणपत्र ट्रंकेत माझ्या टंकलेखनाच्या प्रमाणपत्रांशेजारी आहे. मंडळींची किराण्याची वही अजून चालू आहे. महिनाअखेरीला बेरजेच्या रेघेखाली त्या आधी बरोबरचे चिन्ह काढतात आणि मग आकडा लिहितात.